घरशाळेची टाचण वही : पहिल्या वर्षाचं नियोजन

होमस्कूलिंगचा निर्णय झाला की पहिले काही दिवस घरात नुसता उत्साह असतो. मग एका रात्री, मूल झोपल्यावर प्रश्न पडतो : उद्या सकाळी नक्की काय घ्यायचं? शाळेत हा प्रश्न आपल्या वाट्याला येत नव्हता. वेळापत्रक, तासिका, घटक चाचणी, सहामाही हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असायचं. घरी ते ठरवणारं माणूस आपणच असतो, आणि त्यासाठी एक वही लागते : टाचण वही, म्हणजे काय शिकवायचं ते शिक्षक आधी लिहून ठेवतात ती.

माझी मुलगी चौथीनंतर घरी शिकायला लागली, त्याला आता दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी मे महिन्यातच जाडजूड डायरी आणली आणि जून ते मार्च सगळं तारीखवार, पेनाने लिहून काढलं. अमुक तारखेला रोमन संख्याचिन्हे, तमुक तारखेला कविता. जुलैत तिला आठ दिवस ताप आला. त्या आठ दिवसांचं पुढे ढकलायला मी बाण काढले, मग त्या बाणांवर आणखी बाण. गणपती येईपर्यंत डायरी उघडायचीच भीती वाटायला लागली होती. अभ्यास चालू होता, मुलगी शिकत होती, पण वही सांगत होती की आपण मागे पडलोय.

गणपतीला देवरुखला गेलो तेव्हा डायरी सोबत होती. सासूबाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवलं. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "अगं, तारखा कशाला घातल्यास? टाचण आठवड्याचं काढायचं. आणि शेजारी एक रकाना मोकळा ठेवायचा, काय झालं ते लिहायला." मग माळ्यावरून त्यांची जुनी टाचण वही काढली. घटक, उपघटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, आणि शेवटी अरुंद रकाना : शेरा. त्या शेऱ्यातच सगळं होतं. "निम्म्या मुलांना हातचा कळला नाही, उद्या पुन्हा." "पावसामुळे वर्गात अकराच मुलं, गोष्ट घेतली."

तेव्हापासून मी टाचण दोनदा लिहिते. आधी पेन्सिलीने, काय घ्यायचं ते. नंतर पेनाने, खरंच काय झालं ते. खाली जे सांगतेय ते सगळं याच्याभोवती फिरतं.

वही कुठली

बाजारात छापील प्लॅनर मिळतात, फोनवर ॲप आहेत, गूगल शीटही चालते. आई-बाबा दोघंही शिकवत असतील आणि दोघांना एकमेकांचं दिसायला हवं असेल, तर शीट सोयीची. पण पहिल्या वर्षी मी कागदच सुचवेन. साधं, लांब, दोनशे पानी रजिस्टर. उघडलं की डावं पान पेन्सिलीचं, उजवं पान पेनाचं. एक आठवडा म्हणजे समोरासमोरची दोन पानं. कागदावरचं मुलालाही दिसतं, आणि नऊ-दहा वर्षांचं मूल दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात स्वतःच पान उघडून "आज काय आहे?" बघायला लागतं. फोनमधल्या ॲपने आमच्याकडे हे कधी झालं नसतं.

वहीची पहिली चार पानं कोरी सोडा. ती वर्षाच्या आराखड्यासाठी आहेत.

वर्ष आठवड्यांत मोजा

वर्षाचे आठवडे बावन्न. त्यातले आपले किती, हे आधी काढायचं. माझा हिशोब असा : मे आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळून ६ आठवडे, दिवाळीचे २, गणपतीचा १, लग्नकार्यं आणि प्रवास यांचे २, आजारपणाचे २. झाले १३. आता यात आणखी ३ कोरे आठवडे घाला. कशासाठी ते ठरवायचं नाही, फक्त राखून ठेवायचे. १६ गेले, ३६ उरले. कोरे आठवडे सलग ठेवू नका. एक सप्टेंबरच्या शेवटी, एक डिसेंबरात, एक फेब्रुवारीत. मागे राहिलेलं त्यात भरून निघतं, आणि काही राहिलं नसेल तर किल्ल्यावर जायला आठवडा मिळतो.

आजारपणाचे दोन आठवडे आधीच वजा करणं काहींना अशुभ वाटतं. माझ्या आईलाही वाटलं. पण पावसाळ्यात घरात एक ताप, एक खोकला येतोच, आणि आला की वहीत त्याला आधीच जागा असते.

वर्ष कधी सुरू करायचं? जूनमध्येच करा, असं मी म्हणेन. घरशाळेला जानेवारीतही सुरुवात करता येते, तरी मुलाची सगळी भावंडं आणि सोसायटीतली पोरं जूनमध्ये शाळेत जातात आणि दिवाळीत मोकळी असतात. बाहेर क्रिकेट चालू असताना आपलं मूल भूगोल घेऊन बसत नाही, आणि बसवूही नये. विदर्भात शाळा उन्हामुळे आणखी उशिरा उघडतात, तिथल्यांनी तो हिशोब धरावा.

किती दिवस, किती तास पुरेसे, ही धास्ती प्रत्येकाला असते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळांसाठी आकडे दिलेले आहेत : पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे लहान वर्गांना दिवसाला चार तास. पण हे तास भरलेल्या वर्गाचे आहेत. त्यात हजेरी आहे, रांगा आहेत, चाळीस वह्या तपासणं आहे. घरी एकाच मुलासमोर बसून पाचवीच्या पातळीचा टेबलावरचा अभ्यास आमचा दीड ते दोन तासांत होतो. उरलेला वेळ वाचन, स्वयंपाकघर, चित्रं, सायकल, आणि बरंचसं काहीच न करणं. पहिल्या महिन्यात दोन तासांचे चार तास करण्याचा मोह होईल, तो आवरा.

पुस्तक आठवड्यांत वाटा

ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर इयत्तावार पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. तुम्ही बालभारतीच पाळणार नसाल तरी अनुक्रमणिका छापून घ्या. त्या वयाच्या मुलाकडून साधारण काय अपेक्षित आहे, याचा तो चांगला नकाशा आहे.

आता एक विषय घेऊन करून बघू. आम्ही वापरलेल्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात १६ प्रकरणं होती. (आवृत्ती बदलली की अनुक्रमणिका बदलते, तुमच्या हातातलं पुस्तक बघा.) ३६ भागिले १६, म्हणजे प्रत्येकाला सव्वादोन आठवडे, असं करायचं नाही. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. रोमन संख्याचिन्हे तीन दिवसांत संपली, मुलगी घड्याळावर आणि पुस्तकांच्या प्रकरणांवर ती शोधत फिरत होती, आणि अपूर्णांकात मात्र घोडं पेंड खायला लागलं.

दुसऱ्या वर्षी मी भाचीसाठी तेच पुस्तक पुन्हा वाटून दिलं, ते असं : रोमन संख्याचिन्हे १ आठवडा, संख्याज्ञान २, बेरीज-वजाबाकी २, गुणाकार-भागाकार ४, अपूर्णांक ५, कोन २, वर्तुळ १, विभाज्य-विभाजक २, दशांश अपूर्णांक ४, कालमापन २, मापनावरची उदाहरणं २, परिमिती-क्षेत्रफळ ३, आणि शेवटची चार लहान प्रकरणं प्रत्येकी १. बेरीज ३४. दोन आठवडे उजळणीला उरले. पुस्तकात प्रकरणाची पानं किती, यावरून वाटणी करू नका. त्या प्रकरणात नवी कल्पना किती आहे, ते बघा. गुणाकाराची पानं वाढली तरी ओळखीची गोष्ट लांबलेली असते. अपूर्णांकात संख्येकडे बघायची नजरच बदलावी लागते.

अनुक्रमणिकेचा क्रमही हलवता येतो, आणि घरी शिकवण्याचा मोठा फायदा तोच आहे. कालमापन आम्ही गणपतीच्या आठवड्याला लागून घेतलं. बस किती वाजता सुटली, किती वाजता पोचलो, घाटात किती वेळ गेला, हे गणित प्रवासात आपोआप झालं. कोनांना मात्र नीट टेबल, कंपासपेटी आणि शांत सकाळ लागते. ते प्रवासात घेऊ नका.

ही वाटणी पहिल्या चार पानांवर, पेन्सिलीने, विषयवार. तारखा नाहीत, नुसते आठवड्यांचे क्रमांक : आठवडा १, आठवडा २. आजारपणात आठवडा बुडाला तर क्रमांक तिथेच थांबतो, खोडावं काहीच लागत नाही.

आठवड्याचं पान

रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही फार बारीक लिहिताय. डाव्या पानावर पाच दिवसांच्या पाच आडव्या पट्ट्या. रोजचे फक्त दोन विषय ठरलेले : गणित आणि भाषा. त्यांना वेळ लिहू नका, क्रम लिहा. "सकाळी ९ ते ९.४०" असं लिहिलं की पावणेदहाला आपण पहिली हार खाल्लेली असते. "नाश्ता झाल्यावर गणित" हे मात्र रोज जमतं.

इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, इंग्रजी वाचन यांना वार देऊ नका. यासाठी आमच्याकडे आळीपाळीची यादी आहे. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद, त्यावर पाच विषय एकाखाली एक आणि एक रंगीत क्लिप. आज जो विषय झाला, त्याच्या पुढच्यावर क्लिप सरकते. मंगळवार बुडाला म्हणून विज्ञान बुडत नाही, बुधवारी त्याचा नंबर लागतो. वारानुसार वेळापत्रक असतं तेव्हा ज्या वारी पाहुणे येतात त्या वारचा विषय वर्षभर मार खातो. आमच्याकडे तो भूगोल होता.

साहित्याचा रकाना विसरू नका. शैक्षणिक साहित्य हा शब्द मोठा वाटतो, पण त्यात "मोड आलेले मूग" आणि "जुना रेल्वे नकाशा" असं लिहायचं असतं. मूग बुधवारी हवे असतील तर सोमवारी भिजत घालावे लागतात. रविवारी लिहायला बसलं की हे आठवतं. बुधवारी सकाळी आठवून उपयोग नसतो.

आता उजवं पान. अपूर्णांकांच्या दुसऱ्या आठवड्याचं माझं पान जसंच्या तसं देते.

सोमवार : समच्छेद अपूर्णांकांची तुलना. सहज.
मंगळवार : भिन्नच्छेद. १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणाली, कारण आठ मोठे. चित्र काढून दाखवलं, पटलं नाही.
बुधवार : जेवताना दोन भाकऱ्या. एकीचे चार तुकडे, दुसरीचे आठ. "मग आठवाला तुकडा लहान, कारण वाटेकरी जास्त." तिचे शब्द.
गुरुवार : पुस्तकातली उदाहरणं. २/५ आणि २/७ ला पुन्हा गडबड. वाटेकरी शब्द आठवून दिला, सुटलं.
शुक्रवार : काही नाही. पावसात खेळली.

डाव्या पानावर त्या आठवड्यासाठी "तुलना, बेरीज, वजाबाकी" असं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. झाली फक्त तुलना. पहिल्या वर्षीच्या जुन्या सवयीने मी त्याला अपयश म्हटलं असतं. पण पुढची गोष्ट ऐका. अडीच महिन्यांनी दशांश अपूर्णांक सुरू झाले आणि ती म्हणाली, ०.१२५ हा ०.२५ पेक्षा मोठा, कारण एकशे पंचवीस पंचविसापेक्षा मोठे. मी गोंधळले, मग वही मागे उलटली आणि बुधवारची ओळ सापडली. पुन्हा वाटेकरी आणले. एका रुपयाचे दहा वाटे, शंभर वाटे, हजार वाटे. ०.२५ म्हणजे हजारातले दोनशे पन्नास, ०.१२५ म्हणजे हजारातले एकशे पंचवीस. दहा मिनिटांत सुटलं. ती ओळ लिहिलेली नसती तर मी पुन्हा चित्रं काढत बसले असते, जी तिला पहिल्यांदाही पटली नव्हती.

म्हणून उजव्या पानावर "पाठ ४ पूर्ण" असं लिहून थांबू नका. मूल कुठे अडलं, कशाने सुटलं, आणि जमलं तर त्याचे स्वतःचे शब्द. तीन ओळी पुरतात. रोज रात्री लिहिणं जड जात असेल तर दुपारचं जेवण झाल्यावर लगेच लिहा. माझं रात्रीचं कधीच झालं नाही.

शुक्रवारची कोरी ओळही लिहा. "काही नाही" असंच लिहा. चार आठवडे लागोपाठ शुक्रवारी काही नाही दिसलं, तर शुक्रवार मोकळाच ठेवायला हवा, हे वही तुम्हाला सांगते. आम्ही दिवाळीनंतर चारच दिवसांचा आठवडा केला तो असाच.

दोन मुलं असतील तर

दोन वह्या नकोत. एकाच आठवड्याच्या पानावर दोन रंग. गणित आणि भाषा वेगवेगळी, इतिहास-विज्ञान एकत्र. मोठं मूल लिहील, धाकटं चित्र काढेल आणि सांगेल. एकाला तुम्ही हवे असता तेव्हा दुसऱ्याचं काम एकट्याने करता येईल असं ठेवा : शुद्धलेखन, पाढे, वाचन. रविवारच्या टाचणात एवढंच तपासायचं, की दोघांनाही एकाच वेळी आईची गरज पडत नाहीये ना.

नोंदी कशासाठी जपायच्या

इथे थोडं कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. कलम १० मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य सांगितलं आहे. ते न केल्यास पालकांना शिक्षा किंवा दंड अशी तरतूद त्यात नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल वेगळं कलमही नाही. निर्णय घेण्याआधी हे नीट वाचून घ्या. दुसरीकडे, कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा. उद्या मुलाला परत शाळेत जावंसं वाटलं तर याचा आधार आहे, आणि मुख्याध्यापकांसमोर ठेवायला भरलेली टाचण वही हाताशी असली की बोलणं सोपं होतं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात, वहीपासून वेगळा, कुलपात ठेवा. पुढे जागोजागी तोच लागतो.

महिन्यातून एकदा मुलाचं एक लिहिलेलं पान, एक चित्र आणि एखादा फोटो, मागे तारीख टाकून एका फाइलमध्ये घाला. पंचवीस फोटो नकोत. एकच, पण दर महिन्याला. जूनचं हस्ताक्षर आणि मार्चचं हस्ताक्षर शेजारी ठेवलं की घरच्या शंकेखोर मंडळींशी वाद घालावा लागत नाही.

दहावीचा विचार कधी

मूल लहान असेल तर आज नाही. पण सातवी-आठवीच्या पातळीला आलं की वर्षाच्या आराखड्यात एक पान दहावीचं हवं. मुख्य वाटा दोन. एक, राज्य मंडळाची दहावी, खाजगी विद्यार्थी म्हणून. त्यालाच सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते पण फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो, त्यामुळे फॉर्मचं नियोजन अभ्यासाच्याही आधी वहीत जातं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यायचे, माध्यम मराठीही निवडता येतं. मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. एका सत्रात दोन विषय, पुढच्यात तीन, अशी वाटणी करता येते, आणि अशा वाटणीसाठी आठवड्यांच्या क्रमांकाची पद्धत अगदी चपखल बसते. तारखा आणि शुल्क दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावर बघूनच वहीत लिहा, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

मध्ये वही सुटली तर

सुटते. माझी दुसऱ्या वर्षीही जानेवारीत तीन आठवडे सुटली, घरात आजारपण होतं. अशा वेळी मागचं आठवून आठवून भरत बसू नका, ते खरं नसतं आणि त्यातच दम जातो. एक आडवी रेघ मारा, त्याखाली दोन ओळी : "आजी आजारी. वाचन चालू होतं, गणित नाही." आणि पुढच्या पानावर तोच आठवडा क्रमांक घालून सुरू करा. त्या तीन आठवड्यांतला एक आजारपणातून गेला, दोन कोऱ्या आठवड्यांतून भरले. मार्चअखेर वर्तुळ-कोनांची दोनच उदाहरणं राहिली होती.

एप्रिलच्या शेवटी एक दुपार काढून सगळी उजवी पानं सलग वाचा. शक्य असेल तर मुलासोबत. माझ्या लेकीने भाकरीची ओळ वाचली आणि म्हणाली, "आई, मला खरंच असं वाटायचं?" वाचता वाचता शेवटच्या पानावर तीन गोष्टी टिपून ठेवा : कुठल्या प्रकरणाला कमी आठवडे पडले, कुठलं साहित्य वर्षभर लागलं, आणि कुठल्या महिन्यात सगळ्यांची चिडचिड वाढली. आमच्याकडे ऑगस्ट निघाला, दोन्ही वर्षी. म्हणून यंदा एक कोरा आठवडा सप्टेंबरातून उचलून ऑगस्टच्या मध्यात टाकलाय, आणि नवीन रजिस्टरच्या पहिल्या पानावर तो सगळ्यात आधी लिहिलाय, पेन्सिलीने.